लाकडी ट्रॅक्टरचा ब्रेक

मिस्त्रींना टेपला विचारल्याशिवाय घाससुद्धा गिळवत नाही, असं त्यांचा मेव्हणा म्हणायचा. मेव्हण्याच्या तोंडून खऱ्या गोष्टी तशा कमीच निघत, पण ही त्यातली एक. दार असो, कपाट असो, नाहीतर शेजारणीचं साधं स्टूल असो, मिस्त्री आधी मोजणार, मग पेन्सिल कानावर ठेवून लांब जाऊन बघत उभे राहणार, मग परत येऊन पुन्हा मोजणार. गिऱ्हाईक कावून जायचं. पण वस्तू एकदा जागेवर बसली की कागद सरकवायलाही फट सापडायची नाही. आयुष्यभर या एका गुणावर त्यांनी संसार केला. आणि त्याच गुणाने शेवटी त्यांचा घात केला, हे मी आधीच सांगून ठेवतो. उगाच कुणी आशा लावून बसायला नको.

त्यांची बायको शाळेची बस चालवायची. मुलं तिला बसमावशी म्हणत, मग मुलांचे आईबापही म्हणू लागले, मग सगळी गल्लीच. मिस्त्रींना स्वतःला मात्र सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. लग्नानंतर मावशींनी एकदा शिकवायला घेतलं होतं, तर यांनी गाडी नेली ती थेट स्वतःच केलेल्या फाटकावर घातली. गाडीचा दिवा फुटला, फाटकाला ओरखडासुद्धा नाही, हे ते अजून कौतुकाने सांगतात. तेव्हापासून घरात वाटणी ठरून गेली. फाटकं यांनी करायची आणि त्यातून गाड्या तिने काढायच्या.

मग एके दिवशी शाळेच्या दारात मावशींचा पाय ब्रेकवर उशिरा पडला. कुणाला काही झालं नाही. बस पांढऱ्या पट्ट्याच्या जरा पुढे जाऊन थांबली, इतकंच. मुलांना कळलंही नाही. पण मावशींना कळलं. त्यांनी मुलं उतरवली, बस नेऊन लावली, किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि पाय ओढत घरी आल्या.

"पाय माझं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला थांबवता येत नाही त्याने चालवू नये."

डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं ते जिभेवर बसणारं नव्हतं. मतलब एवढाच, की ते पायांपासून सुरू होतं, वर वर येतं आणि आलेलं परत जात नाही. किती दिवस, असं मिस्त्रींनी विचारलं, कारण त्यांना कुठलीही गोष्ट आकड्यात हवी असते. डॉक्टर म्हणाले, "तसं सांगता येत नाही. जे काही करायचं असेल ते लवकर करा."

घराच्या मागे त्यांची जागा होती, रस्त्याच्या बाजूला उतरत गेलेली. त्या उतारावर मावशींनी लिंबाची झाडं लावली होती. रोज बसच्या सीटवरून उठून घरी आल्या की त्या थेट झाडांच्या खड्ड्यात उतरायच्या. त्यांना मूल नव्हतं. गल्लीतली सगळी मुलं बसमधून यायची आणि जायची, पण ही झाडं तेवढी तिथेच राहिली होती. आता मावशींना त्या उतारावर चढता येईना. गवत कंबरेपर्यंत आलं. एका संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "बसून करता आलं असतं ना, तर मी अजून ही बाग केली असती."

मिस्त्रींनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला. शेतातलं धूड नव्हे, घरच्या जागेपुरता असतो तो लहानगा. पुढे बकेट, खाली गवत कापायची पाती, मागे ट्रॉली. मावशी बसून चालवतील, बाग राहील, आणि बाग राहिली तर मावशीही राहतील, असं काहीतरी त्यांना वाटलं. वेडा विचार. पण बायको डोळ्यांदेखत वाळत चाललेल्या माणसाने शहाणा विचार कुठून आणायचा?

दोघं शोरूमला गेले. शोरूमवाला बोलका होता, पण लबाड नव्हता. त्याने जागा किती, उतार किती, काम काय, सगळं विचारून घेतलं.

"काका, सगळ्यात लहान घ्याल तर भरलेली ट्रॉली उतारावर त्यालाच ढकलत नेईल. मोठा घ्याल तर तुमच्या झाडांच्या साली काढेल. हा मधला बघा. याला क्लच नाही. उजव्या पायाखाली हे पेडल, पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे."

"आणि ब्रेक?" मावशींनी विचारलं.

"हा डावीकडे. सपाटीवर लागतच नाही, पाय उचलला की थांबतो. पण उतारावर, मागे वजन असलं की लागणार. यात चालवायला ताकद नको काकू, थांबवायला हवी."

मावशी मिस्त्रींच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढून बसल्या. डावा पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला. ब्रेक खालपर्यंत गेला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा गेला. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा तसा झाला, बस सुरू करताना व्हायचा तसा.

"आजच न्या," शोरूमवाला म्हणाला.

"माप घेऊन येतो," मिस्त्री म्हणाले.

इथेच सगळं संपलं खरं म्हणजे. पण ते त्यांना कसं कळावं? मापाशिवाय कधी फळी घेतली नाही त्या माणसाने, तो ट्रॅक्टर घेईल? मावशी उतरायला लागल्या. स्टिअरिंगवरचा हात मात्र त्यांनी जरा उशिराच काढला.

घरी आल्यावर मिस्त्रींनी झाडांमधलं अंतर मोजलं, फाटक मोजलं, उतार पाण्याच्या नळीने मोजला. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. वळताना मागचं चाक कुठून जाईल, फांदी डोक्याला लागेल का, हे टेप सांगत नाही. म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच बनवला. लाकडाचा. त्या मधल्या ट्रॅक्टरच्या मापाचा सांगाडा, खाली जुन्या हातगाडीची चाकं, वर बसायला फळी. बसमालकाने भंगारातलं स्टिअरिंग दिलं. शेवटी ब्रेक केला. शोरूममध्ये जाऊन खऱ्या ब्रेकवर स्वतःचा पाय दाबून दाबून आले आणि फाटकाची एक स्प्रिंग निवडून तितकाच जोर लागेल अशी बसवली. स्प्रिंगचा हुक अडकवायला खिळा मारला. एकाने भागलं असतं, पण हे पडले मिस्त्री. स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायला असावेत म्हणून त्यांनी ओळीने बरेच खिळे मारून ठेवले.

गल्लीला आयताच विषय मिळाला. "मिस्त्री, तेल किती खातो हो?" "वाळवी लागली तर गॅरंटी आहे का?" मिस्त्री हसायचे. मावशी फळीवर बसायच्या, मिस्त्री मागून ढकलायचे, आणि लिंबांच्या ओळींमधून तो लाकडी ट्रॅक्टर कुरकुरत जायचा. "डावीकडे घेतेय, जोर कमी करा," मावशी सांगायच्या. "अहो, थांबा म्हटलं की थांबायचं, तुम्ही इंजिन आहात." उतार आला की त्या ब्रेक दाबायच्या, आणि तो खालपर्यंत गेला की मिस्त्री मागून सांगाडा धरून ठेवायचे. त्या संध्याकाळी खरोखर सुखाच्या होत्या. त्या सुखानेच तर वेळ खाल्ला.

फाटकाशी वळण बसेना. मिस्त्री म्हणाले, लहान घेऊ. मग म्हणाले, लहान उतारावर टिकायचा नाही, मधलाच घेऊ, फाटक रुंद करू. फाटक रुंद केलं. मग येणारा ट्रॅक्टर पावसात भिजायला नको म्हणून शेड बांधली, तीही मोजून. सगळं अगदी बिनचूक चाललं होतं, आणि इकडे मावशी भिंतीला धरून चालायला लागल्या होत्या.

एकदा मेव्हणा आला. नवी शेड बघून म्हणाला, "भाऊजी, शेड झाली, फाटक झालं, ट्रॅक्टर कुठंय? बैल गेला आणि झोपा केला, असं नको व्हायला." बोलून गेला आणि त्याची नजर बहिणीकडे गेली. मग तो बराच वेळ शेडच्या पत्र्यांकडेच बघत राहिला.

त्याच सुमाराला ब्रेक खालपर्यंत जाईनासा झाला. मिस्त्रींना मागून मावशींचा खांदा वर गेलेला दिसला. पायाला जमेना तेव्हा अख्खं अंग जोर लावत होतं. "स्प्रिंग गंजली असणार," मिस्त्री म्हणाले. मावशी आत गेल्यावर त्यांनी हुक काढून अलीकडच्या खिळ्यावर लावला. दुसऱ्या दिवशी ब्रेक खालपर्यंत गेला. "बघ, गंजच होता," ते म्हणाले. काही दिवसांनी हुक आणखी एक खिळा अलीकडे आला, मग आणखी एक. जन्मात कधी मापात खोट न केलेला माणूस, त्याने घरच्या माणसाशी ती केली. आणि ब्रेक खाली गेला की टाळी वाजवायचा.

अखेर मिस्त्रींच्या मनाजोगं सगळं झालं. दोघं शोरूमला गेले. तोच मधला ट्रॅक्टर अंगणात उभा होता. मिस्त्रींनी आणि शोरूमवाल्याने मिळून मावशींना वर बसवलं. त्यांनी किल्ली फिरवली, उजवा पाय पेडलवर टेकवला, आणि ट्रॅक्टर असा गेला, की शोरूमवाला म्हणाला, "काकू, तुम्हीच आम्हाला शिकवा." मावशींनी अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. मिस्त्रींचे डोळे भरून आले. जमलं, असं त्यांना वाटलं.

"आता भरलेली ट्रॉली लावून उतारावरून बघा," शोरूमवाला म्हणाला. अंगणातून मागच्या गोदामाकडे एक लहानसा उतार होता. मावशी त्यावरून निघाल्या. मध्यावर त्यांनी उजवा पाय उचलला आणि डावा ब्रेकवर दाबला. मिस्त्रींना त्यांचा खांदा वर गेलेला दिसला. ट्रॉली मागून रेटत होती, ट्रॅक्टर हळूहळू पुढेच जात होता. शोरूमवाला धावला. मावशींनी कसलाही गोंधळ न करता किल्ली बंद केली आणि स्टिअरिंग वळवून ट्रॅक्टर खाली रचलेल्या टायरांवर नेऊन टेकवला. कुणाला लागलं नाही. एक टायर घरंगळत गेला आणि आडवा पडला.

"मला उतरवा," मावशी म्हणाल्या.

दोघं घरी परतले. रिक्षातून उतरल्यावर मावशी घरात गेल्या नाहीत. मागे न्या म्हणाल्या. लाकडी ट्रॅक्टर नव्या शेडमध्ये उभा होता.

"बसवा मला त्यावर."

मिस्त्रींनी बसवलं.

"आता हुक पहिल्या खिळ्यावर लावा."

मिस्त्री जागच्या जागी उभे राहिले. "तुला माहीत होतं?"

"अहो, जन्म गेला माझा ब्रेकवर. लोखंड ढिलं झालेलं मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मागे उभे राहून टाळ्या वाजवत होता. म्हटलं, दोघांतल्या एकाला तरी वाटू दे जमतंय असं." मावशींनी स्टिअरिंगवर हात ठेवले. "पण शेवटी शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं हो. मला. मी बसची किल्ली कुणी न सांगता टेबलावर ठेवली होती, आणि आज त्या माणसाच्या अंगणात भरली ट्रॉली घेऊन उतारावर गेले."

मिस्त्री खाली बसले. त्यांनी हुक काढला. पहिल्या खिळ्यापर्यंत स्प्रिंग ताणायला त्यांना दोन्ही हात लागले. हुक अडकला.

मावशींनी पाय उचलून ब्रेकवर ठेवला. मग गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून वरून जोर दिला. ब्रेक जिथे होता तिथेच राहिला, केसभरही हलला नाही.

"आता कळलं कुठवर आलंय ते," त्या म्हणाल्या.

"पहिल्याच दिवशी घेतला असता तर?" मिस्त्रींनी विचारलं. तसं काही नाही हो, असं ती म्हणेल, एवढीच त्या बिचाऱ्याची अपेक्षा होती. आजवर ती तसंच म्हणत आली होती.

मावशींनी मागे वळून झाडांकडे बघितलं. गवतात पिकून पडलेली लिंबं दिसत होती. "तर एक बहार मी उतरवला असता," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि मावशींनीही त्यांना गप्प केलं नाही. झाडांमधलं अंतर, फाटक, उतार, शेड, सगळी मापं त्यांना तोंडपाठ होती आणि एकही चुकलेलं नव्हतं.

"चला, आत न्या मला. गार वाटतंय," मावशी म्हणाल्या.

त्यांनी तिला उचललं. मागचं दार त्यांनी लग्नानंतर स्वतः केलं होतं, एका माणसाला नीट जाता येईल इतकं, तसूभरही जास्त नाही. दोघं एकदम जाईनात. ते आडवे वळले, तरी तिचा डावा पाय चौकटीला अडकला. "पाय आत घे," ते सवयीने म्हणाले. तिने प्रयत्न केला. मग मिस्त्री थांबले, वाकून एका हाताने तो पाय धरून आत घेतला, आणि दोघं घरात गेले.