आधी सोडियम विरघळू द्या

मी एक जुना काचेचा चंबू आहे. बूड गोल, मान आखूड. मित्रांनो, लातूरच्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत माझी हयात गेली.

साहेबराव सर माझ्यात एस्टरचं अल्कोहोल करून दाखवायचे. मधासारख्या वासाचं एस्टर, थेंबभरही पाणी नसलेलं स्पिरिट आणि वरून सोडियमचे तुकडे. मी रटरटत राहायचो. शेवटी खोलीभर गुलाबाचा वास सुटायचा. "अल्कोहोल हाय, पण पिण्याचं न्हाई बरं!" म्हणून सर पोरांना हसवायचे. पाणी मात्र सगळ्यात शेवटी. सोडियमचा एक तुकडा जरी उरला, तरी पाणी पडताच पेट घेतो. शिपाई निजामोद्दीनचाचा माझ्या आत डोकावून, सगळे तुकडे विरघळल्याचं पाहून "हाव" म्हणजे हो म्हणायचे, तेव्हाच सर पाण्याला हात लावायचे.

भूकंपात आमचं कपाट कोसळलं. माझ्या सगळ्या भाऊबंदांचा चुराडा झाला. सकाळी चाचांनी मला ढिगातून काढलं, उजेडात फिरवून पाहिलं. "एक तरी वाचला," म्हणाले आणि रडले.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. पेपरात समीकरणाचा बाण काढायचा, बाणावर सोडियम लिहायचं, की मार्क पदरात. प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून भरायच्या. मी धूळ खात पडलो. संताप व्हायचा माझा, खोटं कशाला सांगू?

साहेबराव सर निवृत्त झाले आणि त्याच पिकातला सिद्धलिंग त्यांच्या जागी आला. तपासणीला पाहुणे येणार म्हणून त्यानं मला बाहेर काढलं. हा प्रयोग त्यानं जन्मात कधी केला नव्हता. चाचा म्हणाले, "थांबा साहेब, तुकडे हायेत अजून."

"चाचा, मला केमिस्ट्रीत शंभरपैकी शंभर होते. तुम्ही मला शिकवायलात का?"

त्यानं पाणी ओतलं. भडका उडाला. चाचांनी त्याला मागं ढकललं, आणि त्यांचा स्वतःचा उजवा डोळा गेला.

अहवालात लिहिलं, 'चंबू जुना व तडा गेलेला होता. काचसामान निजामोद्दीन यांच्या ताब्यात होते.' खाली सिद्धलिंगची सही. चाचांना घरी बसवलं. मित्रांनो, त्या दिवसापर्यंत माझ्या अंगावर केसाएवढी चीर नव्हती.

काच जपा, असं मी म्हणणार नाही. काच बाजारात मिळते. वेळेवर "थांबा" म्हणणारं माणूस जपा.

मी आता ऑफिसबाहेर भंगाराच्या खोक्यात आहे. परवा चाचा आले होते, नात हुमाचं नाव अकरावीत घालायला. सिद्धलिंगनं आता स्वतःचा क्लास काढलाय, मार्कांसाठी सगळं गाव तिथंच धावतं. क्लार्कनं विचारलं, "क्लास कुठला लावला पोरीला?"

चाचांनी सिद्धलिंगचंच नाव सांगितलं.