सासूनं दार का न्हाय उघडलं

आमच्या गावात नाटक संपलं म्हंजे संपत न्हाय. गावदेवीच्या जत्रेला रात्री नाटक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या मंडपात त्याची बैठक. रात्रीच्या पात्रांनी तिथं यायचं, गावानं त्यांना जाब विचारायचा, आणि त्यांनी पात्र बनूनच उत्तर द्यायचं. भल्याभल्यांची बोबडी वळते तिथं. नाटकही दरवर्षी तेच, 'खाडीपलीकडची सून'. गावातल्याच एका मास्तरांनी माझ्या लग्नाच्याही आधी लिहिलेलं. मास्तर कधीच गेले, मग विचारायचं कोणाला? म्हणून आम्हीच भांडतो. गावाच्या चारी बाजूंना गोडाऊनं झाली, शेतं गेली, पण बैठक काही मोडली न्हाय. हौस हाय, दुसरं काय.

गोष्ट साधी हाय. मिठागरावर काम करणारा पोर खाडीत बुडून मरतो. मागं घरात दोघीच, त्याची आई आणि त्याची तरणी बायको चंद्रा. पुढं खाडीपलीकडचा एक जण चंद्राला मागणी घालतो. ती जायला निघते, पाया पडायला सासूच्या खोलीशी येते, तर सासूनं आतून कडी घातलेली. चंद्रा हाका मारते, दार वाजवते, शेवटी उंबऱ्यावर डोकं टेकवून निघून जाते. पडदा. आणि गाव इतकी वर्षं एकाच गोष्टीवर भांडतंय, सासूनं दार का न्हाय उघडलं?

माझं उत्तर ठरलेलं. मी उठायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "ती सासू म्हंजे जल्ली मेली अवदसा हाय! पोरगा गेला म्हणून सुनेनं काय जन्मभर भिंतीकडं बघत बसायचं?" बाया खिदळायच्या. माझे धाकटे दीर, हिरामण भावजी, बैठकीचे मुख्य. ते म्हणायचे, "वयनी, घराची अब्रू असते." मी म्हणायची, "ती अब्रू घाला चुलीत." लग्न होऊन आली त्या वर्षी माझी सून मृणाली हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला.

माझा धनेश त्या नाटकात बुडणाऱ्या पोराचं काम करायचा. पहिल्या अंकातच मरायचा आणि तोंडाला रंग तसाच ठेवून माझ्या शेजारी येऊन वडापाव खात बसायचा. "आई, मरण्यात फायदा हाय, लवकर सुट्टी होते," म्हणायचा. मूर्ख पोरगा. तीन वर्षांमागं भिवंडी-ठाणे रस्त्यावर एका कंटेनरनं त्याला खरंच नेला.

मृणालीचे आईबाप तिला न्यायला आले होते. ती गेली न्हाय. काल्हेरच्या गोडाऊनमधली तिची ड्युटी तिनं चालू ठेवली, आणि मग आम्ही दोघीच. ती शिफ्टवरून आली की तिचे पाय सुजलेले असायचे. मी तेल लावायला घेतलं की म्हणायची, "आई, पाय कसले धरता माझे, नरकात जाईन मी." सुट्टीच्या दिवशी आम्ही मोबाईलवर जुने काळे-पांढरे सिनेमे बघायचो. एक सिनेमा धड सरळ बघू द्यायची न्हाय. मधेच थांबवायची आणि विचारायची, "आता हा का हसला, सांगा." मी म्हणायची, आनंद झाला म्हणून हसला. "छे! त्याचे हात बघा. हात लपवतोय तो. तोंडावर जाऊ नका, आई." मला मोठी गंमत वाटायची. कॉलेज शिकलेली पोर, पण माझ्याशी भांडताना अगदी बैठकीतल्या बाईसारखी भांडायची.

मग कशेळीच्या जयेंद्रकडून मागणी आली. तिच्याच गोडाऊनमध्ये सुपरवायझर, चांगला मुलगा. मृणाली म्हणाली, आईंना विचारा. आई काय म्हणणार? आईनं हो म्हटलं. गावभर सासूला अवदसा म्हणत फिरले, आता माझ्या घरी न्हाय कसं म्हणू? आणि मनापासूनच हो म्हटलं, खोटं न्हाय सांगत. पण रात्री तिचा श्वास ऐकत जागीच पडायची. जत्रेनंतरच्या आठवड्यात रजिस्टर लग्न ठरलं.

या वर्षी नाटकात सासूचं काम विठूनं केलं. विठू गोडाऊनचा टेम्पो चालवतो, साडी माझीच नेली होती मेल्यानं. शेवटी चंद्रा दार वाजवायला लागली तेव्हा मृणालीनं माझा हात धरला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं न्हाय.

सकाळी बैठक भरली. पहिला जाब विठूला. "काय गो सासूबाई, कडी का घातलीस?" विठू म्हणाला, "मास्तरांनी लिहिलीय म्हणून घातली!" सगळा मंडप हसला. हिरामण भावजी ओरडले, "पात्र बनून बोल रे!" मग त्यानं डोकं खाजवत सांगितलं, राग आला म्हणून. कोणी म्हणालं, सासू सुनेवर जळते. कोणी म्हणालं, लोकांना भ्याली. मग भावजी माझ्याकडं वळले, "वयनी, येऊ दे तुमची अवदसा." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मृणालीकडं बघितलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मी उठले. पदर खोचला. आणि नेहमीचं वाक्य तोंडात आलंच न्हाय.

"ती बाई दारामागं काय करत होती, ते कोणी बघितलंय का?" मी म्हणाले. "मास्तरांनी दार दाखवलं, मागची बाई न्हाय दाखवली. मी सांगते. ती कडीला धरून उभी हाय. दार उघडलं असतं तर तिनं पोरीचे पाय धरले असते. म्हणाली असती, जाऊ नको गो बाय, मी मरेन तुझ्याबिगर. आणि ती पोर राहिली असती. चांगली हाय ती, राहिलीच असती. म्हणून कडी घातली. सुनेला बाहेर ठेवायला न्हाय, स्वतःला आत ठेवायला."

विठूनं माझ्याच साडीच्या पदरानं डोळे पुसले आणि रात्रीचं काजळ गालभर फासलं. भावजी हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं न्हाय, वयनी." मला आतून बरं वाटलं, काय सांगू. मग बाजूला बघितलं तर मृणालीची जागा रिकामी.

घरी आले. तिची बॅग उघडी होती आणि ती कपडे परत कपाटात लावत होती.

"जयेंद्रला फोन केला," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगितलं."

"डोकं फिरलं का तुझं? मी नाटकातल्या सासूचं बोलत होते!"

"आई, मला नाटक कळतं." ती रडत होती आणि हसतही होती. "मी नाही जात. आपण दोघी राहू. आपलं काय वाईट चाललंय?"

लपवून काय करू, मला आनंद झाला. मी खाटेवर बसले आणि देवीला हात जोडले. पोर राहिली माझी! चहाला आधण येईपर्यंत मी सुखात होते. मग तिच्याकडं बघितलं. तिशीसुद्धा झाली न्हाय पोरीची. दिवसभर गोडाऊनमध्ये उभी राहणार, घरी येऊन म्हातारीचे गुडघे चोळणार. मग मी एक दिवस मरेन, आणि ही याच घरात एकटी चहा करेल.

मी तिला समजावलं. शिव्या दिल्या. मला काही होत न्हाय, शेजारी ठकुबाई हाय, भावजी हायत, सगळं सांगितलं. धनेशची शपथ घेतली. ती म्हणाली, "खोटी शपथ घेऊ नका, तुम्हाला जमत नाही." आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तेव्हा मला कळून चुकलं. माझा जीव तिच्यावर हाय हे जोवर तिला माहीत हाय, तोवर ही जाणार न्हाय.

"धनेश त्या दिवशी कुठं चालला होता?" मी विचारलं.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. त्या दिवशी तिची शिफ्ट सुटली होती, रिक्षा मिळत नव्हती, म्हणून तिनं त्याला फोन केला होता, न्यायला या. तो गाडीला किक मारून निघाला. पहिलं वर्षभर ती झोपेतून उठून बसायची, मी फोन का केला, मी फोन का केला. आणि मीच तिला जवळ घेऊन तिचा हात कुरवाळत सांगायची, बाय, कंटेनरवाल्यानं मारला त्याला, तू न्हाय. ते खरं होतं. माझ्या मनात दुसरं एकदाही आलं न्हाय, देवीची आण.

"तुला आणायला चालला होता," मी म्हणाले. हात पदराखाली घेतले. "तू फोन केला नसतास तर माझा पोर आज असता. तीन वर्षं गिळून बसले. तुझं तोंड बघितलं की मला रोज तो रस्ता दिसतो. जा तू. माझ्या डोळ्यांसमोरून जा."

ती किती तरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, आई, हात दाखवा. आता ओळखेल. सिनेमातल्या परक्या माणसांचं काळीज ओळखणारी पोर, माझं न्हाय का ओळखणार? तिनं ओळखू नये असं वाटत होतं, आणि ओळखावं असंही. तिनं जयेंद्रला परत फोन लावला. बॅग भरली. संध्याकाळी जयेंद्र गाडी घेऊन आला. ती वाकून पाया पडली, मी तोंड फिरवलं. लग्नाला मी गेले न्हाय. गाव म्हणालं, ही बैठकीत एक बोलली आणि घरी दुसरं वागली. म्हणू दे, गाव गेलं उडत. मला वाटायचं, एकदा पोर तिकडं रुळली की मी जाऊन सगळं खरं सांगेन. जखम मी केली, औषध पण मीच देईन.

दिवाळी झाल्यावर विठूच्या टेम्पोत बसून कशेळीला गेले. नवी बिल्डिंग, स्वच्छ घर. मृणाली अंगानं भरली होती, बरी दिसत होती. पाया पडली, पाणी दिलं, चहा टाकला. जयेंद्र ड्युटीवर होता. मी तिला समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "बाय, त्या दिवशी मी खोटं बोलले. तू जावंस म्हणून बोलले. माझ्या मनात तसं कधी नव्हतंच. तुझा काही दोष न्हाय गो. मी नाटक केलं."

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि कुरवाळायला लागली.

"आई, माझ्यासाठी इतका त्रास करून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही मनानं चांगल्या आहात, म्हणून हे सांगायला आलात. आधीची तीन वर्षंही तुम्ही हेच सांगत होतात. खरं फक्त त्या एका दिवशी बोललात. मला राग नाही. गेला तो माझ्यामुळेच."

"न्हाय गो! देवीशपथ न्हाय!" मी कपाळ बडवून घेतलं, रडले, ओरडले. जितकी मी रडत होते, तितकी ती मला जास्तच समजावत होती. तिचे डोळे कोरडे होते.

"हो आई. खोटं बोललात, बरं," ती म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."