हरल्यानंतरचं वाक्य

“निघालो, सरदार!” गोधड्यांच्या आतून आवाज आला आणि नेमकी त्याच वेळी लष्कराच्या लांबच्या रेंजवर सरावाची तोफ वाजली.

अवधूतनं बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं. पडद्यावरच्या हिरव्या रेघेत दोन शब्दांच्या शेपटाला एक जाड गाठ उठली होती.

“आली का रे मध्ये?”

“आली. परत म्हणा, अप्पा.”

“त्या तोफेला म्हणावं, आधी तबला लागू दे, मग वाज. गेली चाळीस वर्षं कीर्तनात शिंकणारे, खोकणारे, रडकी पोरं, सगळी सांभाळली. हिला काही ताल म्हणून नाही.”

दोन खाटा उभ्या करून, त्यांवर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या टाकून केलेला तो तंबू होता. आत एक स्टूल, एक माईक आणि घामानं निथळत बसलेले हेमचंद्रबुवा. साऱ्या नगरात त्यांना बुवा म्हणत, एकटा त्यांचा मुलगा अवधूत अप्पा म्हणे. मृग कोरडाच चालला होता. दुपारी वीज जाई, म्हणून जेवढं उरकायचं ते सकाळी.

आवाज भरायचे होते त्या संगणकावरच्या खेळाचं नाव ‘चंद्रकोट’. पृथ्वीच्या पोटातलं पाणी आटलंय आणि माणसं चंद्रावर बर्फ शोधत फिरताहेत, अशी गोष्ट. खेळणारा स्वतः एका रणगाड्यात बसतो, फटीतून समोरचा माळ बघतो, तोफ डागतो. आणि त्याच वेळी पाठीमागच्या सगळ्या गाड्यांना हुकूम देतो. तू बर्फ वेच, तू तळ बांध, तू माझ्या डाव्या हाताला राहा. शिपाई आणि सेनापती एकाच खुर्चीत. अवधूतनं शाळेतली नोकरी सोडून दोन वर्षं ह्या एका कल्पनेवर घातली होती. पुण्याच्या कंपनीतले साहेब फोनवर म्हणाले होते, “असं बाजारात खरंच दुसरं काही नसेल, तर सोमवारी घेऊन या.” आज शनिवार होता.

चित्रं प्रवीणची. अवधूतच्या हाताखाली शिकलेला, पारनेरच्या अंगाला राहणारा हा पोरगा. त्यानं चंद्र काढला तो आपल्या वस्तीमागचा मुरमाड माळ बघून. “सर, चंद्रावर जायला लागत न्हाई,” तो म्हणाला होता, “एस्टीनं आमच्याकडं या. दगड त्येच, पानी तितकंच.” रणगाड्याची घरघर दोघांनी भिंगारच्या छावणीच्या रस्त्याला टेपरेकॉर्डर लपवून धरून आणली होती.

आणि आवाज बुवांचा. हुकूम दिला की गाड्यांनी काहीतरी उत्तर द्यायला हवं ना? बुवांनी एका गळ्यातून अकरा माणसं काढली. घाबरट, उर्मट, म्हातारा, नुकता भरती झालेला. कीर्तनात एकटा माणूस राजाही होतो, दूतही होतो आणि दाराआडून ऐकणारी दासीही होतो, त्यांना ह्यात नवीन काहीच नव्हतं. नवीन होतं ते एवढंच, की हा आवाज राहणार होता. पुढच्या महिन्यात बुवांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी जिवाची हमी दिली होती, गळ्याची नाही. रामनवमीनंतर बुवा कीर्तनाच्या गादीवर उभे राहिले नव्हते.

फक्त एक वाक्य त्यांनी दोन महिने टाळलं होतं. खेळात तळ पडला, सगळ्या गाड्या गेल्या, की शेवटच्या शिपायानं म्हणायचं, ‘सगळं गेलं, सरदार.’

“ते मी नाही म्हणणार,” बुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “आख्यानात कुणी रणात पडला, तर त्याच्या नातवाला सिंहासनावर बसवल्याशिवाय आरती होत नाही आमची. ऐकणारा रडत घरी गेला, तर पाप बुवाला.”

त्यामुळे चंद्रकोटात हरणारा माणूस नुसता गप्प पडद्यासमोर बसून राही.

“पुढचं काय रे?” आतून बुवांनी विचारलं. आवाज फाटायला लागला होता.

“‘बर्फ सापडला.’ आनंदानं. पण जरा थांबा, घसा बसतोय.”

“माझ्या झोळीतून खडीसाखर दे.”

कीर्तनाची झोळी खुंटीला होती. अवधूतनं हात घातला. झांजा लागल्या, मग उपरण्याची घडी, मग काहीतरी गुळगुळीत, जाड. त्यानं ते बाहेर ओढलं. संगणकाचं मासिक होतं, त्याच्याच नावानं टपालानं येणारं. ह्या महिन्याचा अंक अजून आला नाही म्हणून तो परवाच पोस्टमनशी भांडला होता. वेष्टन एका बाजूनं नीट फाडलेलं होतं.

मुखपृष्ठावर रणगाडा होता. त्याच्यामागे काळं आभाळ, पायाखाली राखाडी माळ आणि क्षितिजावर पृथ्वी.

आत सीडी होती. त्यानं ती ड्राइव्हमध्ये सरकवली. आतला गरगराट गोधड्यांच्या पलीकडे ऐकू गेला असणार.

रणगाडा टेकाड चढताना मागे झुकत होता आणि त्याच्याबरोबर सगळं क्षितिज कलत होतं. अवधूतनं नकाशा उघडला. त्यांच्या चंद्रकोटात इथं पडदा तीन सेकंद काळा पडे. ते तीन सेकंद घालवायला त्यानं सगळा हिवाळा घातला होता. इथं पडदा काळा पडलाच नाही. माळ तसाच समोर राहिला, गाड्या हुकमाची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यानं एकीवर माऊस दाबला. ती परक्या भाषेत, खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली आणि त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली.

शिपाई आणि सेनापती. एकाच खुर्चीत.

पाचव्या मिनिटाला त्यानं माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. खेळ चालूच होता. शत्रू आला, गाड्या एकेक करून पेटल्या. तो बघत राहिला.

“अप्पा, हे कधी आलं?”



“दहा तारखेला.”

“आज वीस आहे.”

“हो.”

“तुम्ही बघितलंत?”

“मला त्यातलं काय कळतंय? पण कव्हरवर चित्र होतं. रणगाडा, चंद्र. दोन वर्षं ह्या घरात तेच ऐकतोय मी. म्हटलं, रंगात आलेल्या माणसाला पूर्वरंगातून उठवायचं कसं? एक श्रोता उरला तरी उत्तररंग टाकायचा नाही, असं माझे गुरू सांगायचे.”

“सोमवारी पुण्याला जाऊन मी हसं करून घेतलं असतं.”

“आज सांगणार होतो.”

अवधूतनं खडीसाखरेची पुडी शोधली. ती झोळीत सगळ्यात खाली होती, अंकाच्याही खाली. झोळीत काय आहे हे बुवांना ठाऊक असताना त्यांनी तिथं हात घालायला लावला होता. पुडी घेऊन तो गोधडीपाशी आला आणि मध्येच थांबला.

“प्रवीणचं पत्र,” तो म्हणाला.



श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्यात संगणक विभागात प्रवीणची निवड झाली होती. कायमची जागा. त्याच्या घरात पगाराच्या नोकरीत लागणारा तो पहिलाच. ‘अठरा तारखेपर्यंत हजर व्हावे, अन्यथा कळवावे.’ मंगळवारी तो हसत आला होता. “बुवा, नकार कळवायचाय. माजं अक्षर बघून साहेब म्हनायचा, बरं झालं आला न्हाई. तुमीच लिहा.” आणि बुवांनी उतरत्या मेजावर, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : ‘एका महत्त्वाच्या कार्यात गुंतलो असल्याने रुजू होऊ शकत नाही.’ पाकीट पेटीत टाकायला अवधूत स्वतः गेला होता.

मंगळवार म्हणजे सोळा तारीख.

“तुम्हाला माहीत होतं,” अवधूत म्हणाला. “लिहिताना माहीत होतं.”

“दोनदा पेन खाली ठेवलं.”

“मग?”

 गोधडीची कड वर झाली आणि बुवांचा हात बाहेर आला, खडीसाखरेसाठी पसरलेला. म्हाताऱ्या तळव्यावर घाम चमकत होता.

“माझी वीस वाक्यं राहिली होती रे,” बुवा म्हणाले.

अवधूतनं हातावर खडा ठेवला. दुसरं काय करणार? स्टुलाच्या पायाशी वाक्यांची यादी पडली होती. प्रत्येक वाक्यापुढे बुवांची बारीक, नीटस खूण. दोनच वाक्यांपुढची जागा मोकळी होती.

जिन्यावर पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या चढत येणारा एकच माणूस होता. अवधूतनं घाईघाईनं सीडी काढली, अंकात कोंबली आणि अंक मांडीवर पालथा ठेवून खुर्चीत बसला.

“आईनं शेंगोळे दिल्यात,” डबा टेकवत प्रवीण म्हणाला. “म्हनली, बुवांना आधी, सरांना मग, अन् तू उरलं तर. सर, चेहरा काय असा? मशीन पुन्हा बसलं का?”

“नाही. प्रवीण, जरा बस. तुला एक—”

“थांब, अवधूत,” गोधड्यांतून बुवा म्हणाले. “आधी मी. प्रवीण, ते हरल्याचं वाक्य घे रे.”

प्रवीणनं कपाळाला हात लावला. “आज सूर्य कुठनं उगवला म्हनायचा! दोन महिने पाया पडतोय म्या. अशुभ हाय, पाप हाय, नातवाला गादीवर बसवा. अन् आज?”

“आज म्हणतो.”

“मग मूड जायच्या आत घ्या. सर, सरका.”

अवधूत उठला. प्रवीण खुर्चीत बसला, माईकची वायर हलवून बघितली, पडद्यावर हिरवी रेघ सरळ धावायला लागली. त्यानं हात वर करून खाली सोडला, कीर्तनाला पेटीवाल्याला खूण करतात तसा. ती खूण त्याला बुवांनीच शिकवली होती, पण गोधड्यांमधून ती बुवांना दिसत नाही हे त्याच्या कधीच ध्यानात आलं नव्हतं.

“घ्या.”

“सगळं गेलं, सरदार.” बुवांचा आवाज त्या अकरा माणसांतल्या कुणाचाच नव्हता. “मला आधीच कळलं होतं. बोललो नाही.”

लांब रेंजवर तोफ वाजली.

प्रवीणनं बटण दाबलं. क्षणभर तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं हळूच शीळ घातली.

“बुवा, फुडचं कागदावर न्हाई. पन ठेवूच. टेहळनीवाल्यानं आधी बघितलेलं असतं अन् तो गप्प ऱ्हातो, व्हय ना? लई भारी. खेळनाऱ्याच्या काळजाचं पानी व्हईल. आमच्या माळावरची मानसं रडतील ह्याला.”



अवधूतनं हातातला अंक सुलटा केला. वेष्टनावरचा टपालाचा दहा तारखेचा शिक्का वर येईल असा धरला आणि कीबोर्डशेजारी ठेवला. त्याची बोटं त्यावर थोडी रेंगाळली, मग त्यानं ती उचलली.

प्रवीणचं लक्ष हिरव्या रेघेवरच्या जाड गाठीकडे होतं. त्यानं कोपरानं अंक थोडा बाजूला सारला, माऊसला जागा केली.

“फकस्त मागं तोफ आली. एवढं चांगलं वाक्य वाया जायला नगं.” त्यानं पुन्हा हात वर केला. “परत म्हना, बुवा. अगदी तसंच म्हना.”

रेघ सरळ धावायला लागली. आत बुवांनी खडीसाखरेचा खडा दाढेखाली फोडला. तेवढा आवाज तिच्यावर उमटला आणि ती पुन्हा सरळ झाली.