तेरावी पिशवी

सूर्यफुलाच्या एका बीला भोक होतं. जेमतेम एक मिलिमीटर रुंद, कडा अगदी स्वच्छ. ग्लेनिसने ती बी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली. असं भोक बाहेरून आत पडत नाही, आतून बाहेर पडतं. म्हणजे ते पाडणारा किडा केव्हाच निघून गेला होता. तिने बी बशीत बाजूला ठेवली आणि पाकिटात दुसरी घातली.

"अजून किती वेळ बघणार आहेस?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. शेजारची कॉरल दोन्ही बगलांत घडीच्या खुर्च्या धरून उभी होती. "सहा-सहा वर्षांची पोरं येणारेत, ग्लेनिस. शेती खात्याचे साहेब नाही येणार."

"म्हणून किडकी बी द्यायची का?"

"त्यांना बीच नको असते गं बाई! लॉलीच्या गोळ्या हव्या असतात. प्लॅस्टिकची शिट्टी हवी असते, घरी जाऊन आईचं डोकं उठवायला."

"शिट्टी मोडते."

"मोडू दे की. मोडायलाच असते ती."

पाकिटाला डिंक लावून ग्लेनिसने ते अंगठ्याने दाबलं. पाकिटं तिनेच तपकिरी कागदाची केली होती. प्रत्येकात सहा बिया, कारण तिच्या नातीला, मार्नीला आज सहा वर्षं पूर्ण होत होती. त्या उगवतील की नाही हेही तिने पाहून ठेवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून कपाटावर ठेवल्या होत्या. त्यातल्या नऊ उगवल्या.

सेडुना गावाच्या पश्चिमेला, जिथे लांबच लांब सपाट माळरान संपतं, तिथे फळमाशीचा नाका आहे, फळांना लागणारी माशी राज्यात शिरू नये म्हणून बसवलेला. ग्लेनिस फिट्झनर त्या नाक्यावर सत्तावीस वर्षं काम करत होती आणि कॉरल अकरा. पश्चिमेकडून आलेली प्रत्येक गाडी थांबवायची, डिकी उघडायला लावायची, बर्फाच्या पेट्या उपसायच्या. सफरचंद, टोमॅटो, मिरची, जे सापडेल ते काढून पिंपात टाकायचं. लोक चिडायचे. काही जण तिच्यासमोर उभं राहून चार-चार आंबे खाऊन टाकायचे. ग्लेनिस शांतपणे म्हणायची, "नाक्यावर पोचायच्या आधीच बघून घ्यावं. म्हणजे मग त्रास होत नाही." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की मार्नी बाहुल्यांशी खेळतानाही तेच म्हणे.

जाताना द्यायच्या खाऊच्या पिशव्यांचा हा सगळा खटाटोप जुलैपासूनचा. जुलैत वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाहून मार्नी अशीच एक पिशवी घेऊन आली होती. त्यात कोळ्याची अंगठी होती, शिट्टी होती, फुगणारा चेंडू होता. रात्रीच्या जेवणापर्यंत अंगठी तुटली, शिट्टी वाजेना, चेंडू फुटला. ग्लेनिसने ते सगळं कचऱ्यात टाकलं, तेव्हा मार्नीने बादलीत डोकावून आजीला विचारलं, "सगळं एकाच दिवसात गेलं का गं, नॅन?"

तिने दुसरं काही विचारलं नव्हतं. पण ग्लेनिसने तेव्हाच ठरवलं, की या घरातून जे काही कुणाच्या हातात जाईल ते थोडं तरी टिकेल. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात चार शनिवार जाऊन तिने एकेका मुलासाठी एकेक गोष्टीचं पुस्तक निवडलं. ट्रॅक्टर आवडणाऱ्याला ट्रॅक्टरचं, व्हेलवेडीला व्हेलचं. मीठ आणि मैदा शिजवून खेळायची रंगीत कणीक केली. एकेक जाड खडू. मध आणि लोणी लावून भाजलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या दोन-दोन कागदी वाट्या. आणि बिया.

"त्याला सांगितलंस?" खुर्च्या भिंतीला टेकवत कॉरलने हळूच विचारलं.

"वाढदिवस होऊ दे."

"आज वाढदिवसच आहे."

"होऊ दे म्हटलं ना."

'तो' म्हणजे डेमियन, मार्नीचा बाप. मागच्या अंगणात तो फुगे बांधत होता. ग्लेनिसची मुलगी रनेय पावणेदोन वर्षांपूर्वी गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, दुकानात, दुधाच्या कपाटासमोर, हातात बाटली असताना. डेमियन तेव्हा पश्चिमेकडच्या खाणीत होता. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. अशा माणसाने चार वर्षांची मुलगी कशी सांभाळायची? मार्नी आपोआप नॅनकडे आली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही.

विचारलं ते या ईस्टरला. डेमियनला राज्याच्या सीमेपलीकडे, पश्चिमेला कॅलगुर्लीत दिवसपाळीचं काम मिळालं होतं. पाचला घरी. दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं, शाळा चालत जाण्याइतकी जवळ. भांडी पुसता पुसता तो म्हणाला होता, "व्यवस्थित जमेल मला आता. नेऊ का तिला, ग्लेनिस?"

तो बाप होता. त्याला विचारायची गरज नव्हती. तरी त्याने विचारलं, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड होऊन बसलं. ग्लेनिस म्हणाली, थंडी येतेय, ती जाऊ दे. मग म्हणाली, तिचा दात हलतोय, तो पडू दे. मग म्हणाली, वाढदिवस होऊ दे, तिचे सगळे मित्र इथे आहेत. डेमियन दर वेळी "बरं" म्हणाला. आता शाळेला सुट्टी लागली होती, पंधरा दिवसांनी नवं सत्र सुरू होणार होतं. सोमवारी तो परत निघणार होता. तिकडच्या शाळेने मुलीचं नाव पक्कं आहे का, असं दोनदा विचारलं होतं. हे त्याने काल रात्री जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत.

दोन वाजता पोरं आली. बाराच्या बारा. एकाने आल्या आल्या कुंपणावर चढून दाखवलं, एक जण आईचा पाय सोडेना. लोणी आणि रंगीत दाणे लावलेले पावाचे त्रिकोण पहिल्या दहा मिनिटांत संपले. केक बोटीचा होता. शिड जरा कललं होतं.

"वादळात सापडलीय वाटतं," डेमियन म्हणाला.

"तू गप्प बस," कॉरल म्हणाली. "काल नाक्यावर या माणसाकडून तीन संत्री काढली मी. जावई म्हणे! सरळ सासूच्या नाक्यावरून चोरटा माल आणतो."

"दोन होती. तिसरं सीटखाली घरंगळलं होतं. मला माहीतच नव्हतं."

"सगळे हेच म्हणतात, राजा."

थांबलेल्या आया हसल्या. डेमियनही हसला आणि हसता हसता त्याने मार्नीला उचलून खांद्यावर घेतलं. मार्नीने त्याचे दोन्ही कान घट्ट धरले. रनेय लहानपणी असेच कान धरायची, तिच्या बापाचे. ग्लेनिस केक कापत राहिली. तुकडे सारखे झाले पाहिजेत म्हणून आधी सुरीने खुणा करून घेतल्या.

चार वाजता पालक न्यायला आले. पिशव्या दाराजवळच्या फळीवर ओळीने मांडल्या होत्या. सकाळी शेवटच्या वस्तू भरायचं काम मार्नीने मागून घेतलं होतं आणि वाटायचा मानही तिचाच होता. प्रत्येकाच्या हातात पिशवी देताना ती गंभीरपणे सांगत होती, "एक सेंटिमीटर खोल पेरायची. जास्त नाही. आणि कणीक कुत्र्याला द्यायची नाही, त्यात खूप मीठ आहे."

"थँक यू, डॉक्टर," ट्रॅक्टरवाल्या मुलाचा बाप म्हणाला.

शेवटची मोटार वळणावरून गेली. ग्लेनिस दार लावायला आली, तर फळीवर एक पिशवी उरलेली.

तिने मनात यादी म्हटली. बारा जण आले होते, बारा जण गेले होते. पुस्तकं तिने बारा आणली होती, बारा नावं लिहिली होती. आकड्यात चुकणं हे तिच्या हातून होत नसे. नाक्यावर दिवसाच्या शेवटी पिंपाचं वजन आणि नोंदी नेहमी जुळायच्या. तिने पिशवी खाली घेतली. तिच्यावर नाव नव्हतं. आत खडू होता, निळ्या कणकेचा गोळा होता आणि एक पुस्तक. पुस्तक दुकानातलं नव्हतं, मार्नीच्याच कपाटातलं होतं. कोपरे झिजलेलं, रनेय रोज रात्री वाचून दाखवायची ते. बियांचं पाकीट नव्हतं. मधाच्या वाट्याही नव्हत्या.

पोर भरताना विसरली असणार. ग्लेनिसने खणातून उरलेलं एक पाकीट काढलं आणि पिशवीत घातलं.

"नॅन, ते नको!"

मार्नी मागे उभी होती. गालाला केकचं निळं क्रीम लागलेलं. तिने पिशवीत हात घालून पाकीट बाहेर काढलं आणि आजीच्या हातात परत दिलं.

"का गं? सगळ्यांना दिलं ना."

"सगळे इथलेच आहेत. ही पिशवी पलीकडे जायचीय. तिकडच्या नाक्यावर बिया काढून घेतात. तूच सांगितलंस."

ग्लेनिस पाकीट धरून उभी राहिली. "कुणाची आहे ही?"

"माझी." मार्नीला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "पिशवी जाताना देतात ना? घरी जायचं असतं त्याला. मग मलापण लागणार."

"तुला कोण म्हणालं, तू जाणारेस?"

"कोणी नाही. डॅडने खोलीचा फोटो दाखवला. खिडकीला जाळी आहे. मी विचारलं, कधी जायचं, तर तो म्हणाला, नॅन सांगेल तेव्हा." ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासू लागली. "पण तू सांगतच नाहीस. म्हणून मी आधीच बघून घेतलं. तिथे माझ्यासारखीच दुसऱ्या कुणाची तरी नॅन असेल ना? तिने काही काढून घेतलं, की मला रडू येईल. म्हणून ठेवलंच नाही."

बाहेर अंगणात कॉरल फुगे फोडत होती. एक, दोन, मग जरा थांबून तिसरा.

"मधाच्या वाट्यापण ठेवल्या नाहीस," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच नाक्यावरच्यासारखा वाटला.

"मध नाही चालत."

"कच्चा मध नाही चालत. बाटलीतला. भाजलेला चालतो."

"नक्की?"

"नक्की. भट्टीत एकदा तापला, की त्याची भीती नसते."

मार्नीचा चेहरा उजळला. ती धावत स्वयंपाकघरात गेली, डब्यातल्या उरलेल्या दोन वाट्या घेऊन आली आणि पिशवीत अगदी वर ठेवल्या, म्हणजे चुरडणार नाहीत. मग तिने पिशवीचं तोंड दुमडलं, दोनदा, आणि ती फळीवर होती त्याच जागी परत ठेवली. एवढं झाल्यावर तिचं आजीकडे लक्ष गेलं. "तू रडतेयस का, नॅन?"

"नाही. डिंक डोळ्यात गेला."

"डिंक तर सकाळी होता."

"जा, तोंड धू. निळी झालीयेस सगळी."

मार्नी गेली. नळाचा आवाज आला, मग ती बाहुलीशी बोलत असल्याचा. ग्लेनिसने बियांचं पाकीट ओट्यावर ठेवलं. इतके महिने ती समजत होती, की पोरीला काही ठाऊक नाही. काही सांगितलं नाही म्हणजे तिचा एकेक दिवस सुखाचा जातोय. आणि पोर इकडे एकेक वस्तू हातात घेऊन ठरवत होती, ही पलीकडे जाईल की नाही. एकटीने. न विचारता. कुणाला त्रास होऊ नये म्हणून.

ग्लेनिस मागच्या अंगणात आली. समुद्रावरून वारा सुटला होता, कागदी बशा गवतावर सरकत होत्या. कॉरल त्या वेचत होती. डेमियन लांब टेबलाचे पाय दुमडत होता. एक पाय अडकला होता आणि तो गुडघ्यावर बसून त्याची खिट्टी हलवत होता. गेल्या दोन वर्षांत त्याच्या डोक्यावरचे केस मागे विरळ झाले होते. हे तिने आजच पाहिलं.

"दाबून मग ओढ," ती म्हणाली.

त्याने दाबून ओढलं. पाय मिटला.

"छान झाला नाही वाढदिवस?" तो उठून हात झटकत म्हणाला. "पोरं खूश होती. त्या पिशव्या बघून एक बाई मला म्हणाली, पहिल्यांदाच काहीतरी कामाचं मिळालं."

"तिला गाडी लागते," ग्लेनिस म्हणाली.

"कुणाला?"

"मार्नीला. मागे बसवलीस, तर खिडकी चार बोटं उघडी ठेव. पूर्ण नाही, धूळ येते. दर दोन तासांनी थांब. आणि तिला नळाचं पाणी देऊ नकोस वाटेतल्या पंपांवरचं, ते खारट असतं. इथूनच भरून घे."

डेमियन टेबल धरून तसाच उभा राहिला. कॉरल वाकलेली होती, ती वाकलेलीच थांबली.

"ग्लेनिस," तो हळू आवाजात म्हणाला, "तू कशाबद्दल बोलतेयस?"

तिने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसले.

"तिकडच्या शाळेला नाव पक्कं आहे म्हणून कळव. सोमवारी मार्नीला घेऊन जा."