आयव्हीची काठी

शैलेंद्रला डाग खपत नसे. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण ज्याचा पगारच डाग शोधण्याचा, त्याची गोष्ट वेगळी. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात तो क्वालिटी मॅनेजर होता. भट्टीतून निघालेली फरशी पट्ट्यावरून सरकत समोर आली की हा मान तिरकी करून उजेडात बघणार, आणि टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला तरी म्हणणार, "रिजेक्ट." घरी आला तरी नजर तीच. शारजाला अल मजाजमध्ये खाडीकाठी घर, बाल्कनीतून निळंहिरवं पाणी, आणि हा गृहस्थ आल्या आल्या बघणार काय, तर आरशावर राहिलेला टिकलीचा डिंक! त्याची बायको विभावरी म्हणायची, "अहो, माझ्यात कुठे डाग सापडला तर मलाही रिजेक्ट करून मोकळे व्हाल."

असा हा माणूस, आणि त्याला वेड कशाचं, तर ऑस्ट्रेलियातल्या जुन्या लोकगीतांचं. मिरजेचा मुलगा, गाण्याच्या गावचा, आणि ऐकणार काय तर मेंढ्या भादरणाऱ्यांची गाणी! नातेवाईक हसायचे. हसू देत.

हे वेड त्याला कॉलिनने लावलं. कॉलिन त्याचा पहिला साहेब, ऑस्ट्रेलियन. दोघं एकाच गाडीतून शारजाहून कारखान्याला जायचे. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच कुंपणापलीकडे डुलत चाललेले उंट, आणि गाडीत ती गाणी. गुरं हाकत महिनोन्महिने चालणाऱ्यांची, आटलेल्या विहिरींची, आभाळाकडे बघत बसलेल्या बायकांची. निम्मे शब्द शैलेंद्रच्या डोक्यावरून जायचे. पण त्या साध्या, न सजवलेल्या आवाजांनी त्याचे डोळे जड व्हायचे आणि बाहेरची वाळू हळूहळू दुसऱ्याच कुठल्या तरी देशाची व्हायची. कॉलिन रिटायर होऊन गेला तेव्हा रेकॉर्ड्सचा एक खोका याच्या हवाली करून गेला. त्या रेकॉर्ड्स आता कुठेच मिळत नव्हत्या. काढणाऱ्या कंपन्या बंद पडलेल्या, गाणारे बहुतेक देवाघरी गेलेले.

मग शैलेंद्रने सेकंडहँड टर्नटेबल आणलं आणि एकेक रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून ब्लॉगवर ठेवायला लागला. ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं. जे कुठेही विकत मिळत नाही तेवढंच ठेवायचं आणि कुणी हक्क सांगत आलंच तर त्याच दिवशी काढून टाकायचं, असा त्याचा नेम. ठेवण्याआधी मात्र तो ते गाणं स्वच्छ करायचा. कानाला हेडफोन लावून, सॉफ्टवेअर घेऊन, खरखर, टिकटिक, चरचर, एकूण एक पुसायचा. पुसून झालं की मूळ कच्ची फाइल उडवायची. रिजेक्ट माल गोदामात कोण ठेवतं?

ऑक्टोबरात एका रविवारी, जेवणं होऊन घर पेंगुळलेलं असताना, त्याच्या फोनवर एक व्हॉइस नोट आली. ब्लॉगवर नंबर दिलेला होता. ऑस्ट्रेलियातली डॉरीन नावाची एक म्हातारी बाई बोलत होती, सावकाश, मधे मधे श्वास घेत. त्याने नुकतीच ठेवलेली एक रेकॉर्ड तिच्या वडिलांची होती. गावातल्या एका छोट्या कंपनीने थोड्याशाच प्रती काढल्या होत्या; त्यांच्या घरातली पुरात गेली. वडिलांचा आवाज ऐकून ती रडली म्हणे, तुझे फार उपकार आहेत म्हणाली. शैलेंद्रची कॉलर ताठ झाली. पुढे तिने विचारलं, "पण बाळा, माझी आई कुठे गेली?"

शैलेंद्र उठून बसला.

"माझी आई आयव्ही," ती सांगत होती, "गात नसे. बाबा गायचे आणि ती शेजारी बसून काठी आपटायची. लाकडी काठी, तिला बिअरच्या बाटल्यांची बुचं सैल खिळ्यांनी ठोकलेली. जमिनीवर आपटली की छन् वाजायची. कव्हरवर बाबांचं नाव आहे, फोटो आहे. आईचं काहीच नाही. ती जगात फक्त त्या छन्‌मध्ये उरली आहे. आणि ती नेहमी किंचित उशिरा मारायची. ताल चुकत नसे, पण सगळ्यांच्या जरा मागून यायची. काठी माझ्याकडे आहे, पण तो उशीर माझ्या हातात येत नाही. माझा डावा कान गेला. उजवाही चाललाय, डॉक्टर म्हणतात नाताळपर्यंत राहिला तर राहिला. एकदा ऐकव ना मला."

आता बघा, त्याला ती चरचर लख्ख आठवली. गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. रेकॉर्ड घासली गेलीय असं समजून त्याने ती चिमट्याने केस उपटावेत तशी एकेक काढली होती. फार चिवट होती. काढून झाल्यावर त्याने स्वतःची पाठसुद्धा थोपटली होती.

त्याने विभावरीला हलवून उठवलं आणि नोट ऐकवली. ती डोळे चोळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे घुंगुरकाठी! आमच्याकडे देवीच्या जत्रेला एक बाई आपटत यायची." आणि मग नवऱ्याकडे बघून, "तुम्ही तिला पुसून टाकलंत?"

"मला काय माहीत, विभा? मला वाटलं खरखर आहे."

"कच्ची फाइल?"

"खलास."

"मग रेकॉर्ड लावा परत. त्यात काय एवढं?"

शैलेंद्र उठून गेला आणि कपाटामागून ती रेकॉर्ड काढून आणली. झालं होतं असं, की गणपतीत हॉलच्या कोपऱ्यात मखर बसवायचं म्हणून विभावरीनेच तो खोका हलवायला लावला होता. याने तो गाडीच्या डिकीत टाकला आणि आरत्या, मोदक, पाहुणे यात विसरला. गाडी कारखान्याच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसदिवस उन्हात. इथलं ते ऊन! बाकीच्या रेकॉर्ड्स उभ्या, घट्ट बसवलेल्या, त्या वाचल्या. ही एकटी वर आडवी राहिली होती. तळलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झाली. लाजेने त्याने ती लपवून ठेवली होती.

विभावरीने ती हातात घेऊन बघितली. सुई टेकवून पाहिली तर पहिल्याच चढावरून उडून खाली आली.

"जगात दुसरी कुणाकडे असेल की."

"विचारतो," तो म्हणाला. त्याने ब्लॉगवर विचारलं, कॉलिनला विचारलं, ज्याला त्याला विचारलं. कुणाकडेही नव्हती. इन्शाल्ला मिळेल, मिळेल, म्हणत आठवडा गेला. डॉरीनची मधे एक नोट आली, "घाई नाही हं," एवढीच. ती ऐकून त्याने पुन्हा सगळ्यांना विचारलं.

कारखान्यात एका दुपारी तो नेहमीप्रमाणे फरशीवर पोलादी पट्टी ठेवून ती सपाट आहे का ते बघत होता. बघता बघता हात थांबला. त्याच्या अख्ख्या आयुष्यात त्या फरशीइतकं सपाट दुसरं काही नव्हतं. मोठ्या मापाची, काळी, गुळगुळीत. उन्हात ठेवली तर तव्यासारखी तापेल. उन्हाने जे वाकवलं ते उन्हानेच सरळ होईल का?

दोन काळ्या फरश्या त्याने रीतसर सही करून घेतल्या. गेटवरच्या शौकतने गाडीत डोकावून विचारलं, "क्या साब, दो टाइल में पूरा बाथरूम?"

रविवारी सकाळी बाल्कनीत त्याने स्टुलावर एक फरशी ठेवली, वर कोरा कागद, त्यावर रेकॉर्ड, वर पुन्हा कागद आणि दुसरी फरशी. ऊन चढायला लागलं तसा त्याचा जीव वरखाली होऊ लागला. कमी तापली तर वाकडी ती वाकडीच. जास्त तापली तर बारीक रेघा वितळून सपाट होणार, आणि मग आयव्ही कायमची गेली. पुन्हा करून बघू म्हणायची सोय नव्हती. तो थर्मामीटर घेऊन आत-बाहेर करू लागला.

"अहो, तो थर्मामीटर ठेवा बघू," विभावरी म्हणाली. "माझ्या आईने जन्मभर गच्चीवर वाळवणं घातलीत. कुरडया आकड्यांनी नाही, हाताने जोखायच्या असतात." आणि खरंच ती वेताचा मोडा ओढून तिथे बसली. मधून मधून फरशीच्या कडेला बोटं टेकवायची, "अजून नाही," म्हणायची.

शैलेंद्रही तिच्या शेजारी खुर्चीत टेकला. खाली खाडी चमकत होती, पाण्यावर एक बोट हललीय न हललीय असं वाटत होतं. मशिदीतून दुपारची अजान झाली, मग तीही विरली. त्या धगीत त्याचे डोळे मिटले. त्याला दिसलं, की रास अल खैमाच्या रस्त्यावरून गुरांचा मोठा कळप चाललाय, धूळ सोन्यासारखी उडतेय, आणि पार पलीकडे, जिथे टेकाडं सुरू होतात, तिथे एका पत्र्याच्या घराच्या ओट्यावर एक बाई बसलीय. तिचं तोंड त्याला दिसेना. दिसत होते फक्त तिचे हात, काठीवर एकावर एक ठेवलेले. तिने काठी उचलली. कळप थांबला, धूळ थांबली, सगळं तिच्यासाठी थांबून राहिलं. आता आपटेल, आता आपटेल...

"बास!" विभावरी ओरडली.

तो धडपडत उठला आणि फरश्या उचलून घाईघाईने एसीत न्यायला लागला, तर तिने त्याचं मनगटच धरलं. "यल्ला यल्ला अशी घाई काय लावलीय? गरम गरम आत नेलीत तर परत वाकेल ती. इथेच सावलीला निवू द्या, सावकाश." मग दोघं सावली फिरेल तशी ती चळत सरकवत बसली. ऊन खाडीपलीकडच्या इमारतींच्या मागे गेलं तेव्हा तिने वरची फरशी स्वतः उचलली.

रेकॉर्ड सपाट झाली होती. अगदी नाही, एका कडेला पाण्यावरच्या तरंगाएवढा उंचवटा राहिलाच होता. शैलेंद्रने सुई ठेवली. विभावरीने त्याचं कोपर धरलं. सुई चढली, उतरली, उडाली नाही. डॉरीनच्या वडिलांचा आवाज आला, दर फेऱ्याला किंचित झुलणारा, पाळण्यात बसून गावं तसा. आणि त्या आवाजाच्या मागून, जरा उशिरा, छन्.

"आली," विभावरी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

शैलेंद्रने या वेळी हेडफोन लावला नाही, एक ठिपकासुद्धा पुसला नाही. खरखर, टिकटिक, झोका, सगळं आहे तसं डॉरीनला पाठवलं. सोबत लिहिलं, की चूक माझी होती, तुमची आई मला खरखर वाटली, मला माफ करा. ब्लॉगवर जुनी फाइल काढून ही ठेवली आणि गायकाच्या नावाखाली लिहिलं, "काठी: आयव्ही." इतकी वर्षं गाणी ठेवतोय, पण असं समाधान त्याला आधी कधी मिळालं नव्हतं.

उत्तर मात्र येईना. दिवाळी आली, फराळाचे डबे झाले, तरी नाही. कान गेला असेल का बाईचा? आपण उशीर केला का? तो फोन सारखा उलटा-सुलटा करून बघायचा. विभावरीने एकदाही चिडवलं नाही, म्हणजे तिलाही तेच वाटत होतं.

नोट आली ती भाऊबीजेच्या दुपारी. डॉरीन काहीच बोलत नव्हती. आधी नुसती खोलीतली शांतता, मग शैलेंद्रने पाठवलेलीच रेकॉर्ड वाजू लागली, मोठ्याने, तो झुलणारा आवाज, आणि मागून छन्. थोडा वेळ एवढंच. मग फोनच्या अगदी जवळ, दुसरी एक काठी जमिनीवर पडली. चुकली, आधी पडली. पुन्हा पडली, पुन्हा आधी. एक म्हातारी बाई हळूच हसली. मग एक सबंध ओळ तिने जाऊ दिली, नुसतं ऐकलं. आणि पुढच्या ओळीला दोन्ही काठ्या एकदम आल्या. जरा उशिरा, अगदी बरोबर तेवढ्याच उशिरा. रेकॉर्डच्या उंचवट्यावर सूर झुलायचा तिथे तीही झुलायची. गाणं संपेपर्यंत एकही चुकली नाही.

शैलेंद्र बाल्कनीच्या दारात उभा होता. त्याची मुलगी सृष्टी भावासाठी ठेवलेल्या करंज्यांतली एक पळवून तिथून चालली होती, ती थबकली.

"बाबा, इज दॅट द सेम ओल्ड साँग?"

"हो."

"बट समथिंग्ज डिफरंट. दॅट जिंगली थिंग... देअर आर टू ऑफ देम."

"हो," शैलेंद्र म्हणाला. "आता दोघी आहेत."

तिने करंजी खात खात ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाली, "प्ले इट अगेन."