पाटीवरची कात्री

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानाच्या पाटीवर कात्रीचे चित्र दिसले, तर जरा थांबा. ती मीच, एक जुनी, काळ्या मुठीची कात्री. आधी त्या जागी शिलाई मशीनचे चित्र होते!

लोहाराने मला घडवले आणि शिंपीदादांच्या वडिलांनी दुकानात आणले. दोन पिढ्यांचे कपडे मी कापले, पण कौतुक मशीनचेच. "काय सुंदर शिवलंय!" गिऱ्हाईक म्हणायचे. सुंदर कापले आहे, असे कुणाच्या तोंडून चुकूनही निघाले नाही. पुढे विजेचे कटर आले आणि माझी रवानगी बटणांच्या खणात झाली. बाहेर काढत ते कागद कापायला! धार गेली, मनही खट्टू झाले.

गुडघे दुखू लागल्यावर शिंपीदादांनी कापायचे टेबल मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, दिले. "पहिला कोट बिघडला, तर टेबल परत माझं हं," ते म्हणाले. कोट होता भाषा शिकवणाऱ्या गुरुजींचा, मखमलीचा, दुसऱ्या दिवशीच्या सत्कारासाठी. ताईने कापडाचे दोन थर कटरखाली ठेवले, पण दोन्हींची लव, म्हणजे मऊ बाजू, वरच. झाले! दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. मखमल काही उलटी वापरता येत नाही.

उरल्या होत्या चिंचोळ्या पट्ट्या. त्यांवर कटर भरकटते. ताईचे डोळे भरले. "बाबा, घ्या तुमचं टेबल."

शिंपीदादांनी खणातून मला काढले आणि सहाणेवर घासून धार लावली. "रडतेस काय? ही घे आजोबांची कात्री. आधी हात फिरवून लव कुठे झुकते ते बघ. मग दोन पट्ट्या जोडून बाही कर, जोड हाताच्या आतल्या बाजूला घे."

ताईने खडूने रेघ आखली. मी त्या रेघेवरून सुतभरही ढळले नाही. उजवी बाही निघाली!

गुरुजींना ताईने चूक आपणहून सांगितली. त्यांनी कोट घातला, हात वर केले, जोड शोधला. सापडेना.

"पोरी, टेलर हा इंग्रजी शब्द मुळात लॅटिनमधल्या 'तालिआरे'वरून आलाय. म्हणजे कापणे. टेलर म्हणजे कापणारा! तू आज खरी टेलर झालीस."

"म्हणजे इतकी वर्षं पाटीवर भलतंच चित्र?" शिंपीदादा हसले. "ताई, टेबल तुझं. पाटीही तूच रंगव."

ताईने पाटीवरचे मशीन पुसून तिथे मला रंगवले. माझी छाती फुगली होती!

म्हणून सांगते मित्रांनो, कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. आमच्या ताईने कागदासाठी दुसरी कात्री आणली आहे. ती बटणांच्या खणात असते.