सहा झाकणांची बॅटरी

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीवाला गिरणी बंद करून आला होता, शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला होता, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका कुंपणाबाहेर थांबून आपण सहज जाता जाता उभ्या आहोत असं दाखवत होत्या. मधोमध एक जुनाट ट्रॅक्टर, आणि त्याच्या बॉनेटवर दोन्ही पंजे टेकून, डोळे मिटून हातगुणेबाबा.

हे नाव लोकांनीच दिलेलं. बंद यंत्रावर बाबांनी हात ठेवला की ते सुरू होतं म्हणे. मी तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. माझ्या हाताखालून शेकडो बंद यंत्रं सुरू होऊन गेली, पण मला कुणी बाबा म्हटलं नाही. उशीर का केलात, एवढंच म्हटलं.

मी तिथे गेलो होतो भाचीसाठी. ती त्या घरची सून. सासरे हयात असेपर्यंत ट्रॅक्टर तेच चालवायचे. थंडीत ते गेले. नवरा सूतगिरणीत नोकरीला, म्हणून ट्रॅक्टर हिने हातात घेतला. तेव्हापासून सकाळी बटण दाबलं की यंत्र नुसतं कण्हायचं. सासूबाईंनी हिशोब जुळवला: सुनेचा हात लागला आणि यंत्र रुसलं. आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, उद्या हातगुणेबाबा माझा हात तपासणार आहेत. सासूबाईंनी बॅग भरून ठेवायला सांगितलीय."

"आणि तुझा नवरा?"

"तो काही बोलत नाही," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. आवाज गोड होता, पाकात बुडवून काढल्यासारखा. "यंत्रालाही जीव असतो, मंडळी. जीवाला एकांत लागतो. पडदा करा."

बाबांच्या चेल्याने, एका दणकट आणि मुखदुर्बळ माणसाने, सीटवर काळी चादर टाकली आणि स्वतः एक पेटी घेऊन चादरीखाली शिरला. एकांत जीवाला हवा होता, पण सोबतीला चेला. आत जाताना पेटीच्या ओझ्याने त्याचा खांदा कलला होता. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हाही तितकाच कललेला. पेटी त्याने बाबांच्या गाडीत नेऊन ठेवली.

बाबा सीटवर बसले. दिवे लावले. दिवसाउजेडीसुद्धा ते पांढरेशुभ्र दिसले. एरवी या ट्रॅक्टरचे दिवे म्हणजे आजारी पिवळे. मग त्यांनी बटण दाबलं आणि इंजिन एका झटक्यात धडधडलं. गर्दीतून हुंकार उठला. गिरणीवाल्याने हात जोडले.

"आता सूनबाई," इंजिन बंद करून बाबा म्हणाले. चेल्याने पुन्हा सीटवर चादर झटकली, नीट केली. भाची चढून बसली. बटण दाबलं. काहीच नाही. कण्हणंसुद्धा नाही.

"पाहिलंत?" बाबांचा आवाज आता दुःखी झाला. "माझा या लेकीवर राग नाही. पण हिच्या हाताला ओढ आहे. शक्ती शोषून घेते. हिला काही काळ माहेरी राहू द्या. आणि यंत्रही इथे नको. शुद्धीसाठी माझ्याकडे पाठवा."

त्यांच्या आवारात अशी अकरा यंत्रं शुद्ध होत उभी होती. त्यातलं एकही कुणाच्या घरी परतल्याचं मी ऐकलं नव्हतं. जुनी यंत्रं जमवणारे शौकीन त्यांच्याकडे गुपचूप येतात, हे मात्र आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं.

सासूबाई पदराने डोळे पुसत दाराकडे वळल्या. तिथे बॅग उभी होती. मी पुढे सरकलो, पण माझ्या आधी भाचीच बोलली. सीटवरून उतरलीही नव्हती.

"एक विचारू? मघाशी तुम्ही दिवे लावलेत, तेव्हा हा समोरचा बॅटरीचा काटा उजवीकडे गेला. मी रोज बघते. दिवे लावले की तो डावीकडे जातो. डावीकडे म्हणजे बॅटरी खर्च होतेय, उजवीकडे म्हणजे भरतेय. इंजिन बंद असताना दिव्यांनी बॅटरी कशी भरली?"

बाबा अडखळले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. "तेच तर लेकी. माझा हात लागला की खर्च थांबतो. दिवा घेत नाही, देतो."

"मग रॉकेल तरी कशाला घालायचं?" मी म्हणालो. "दिवे लावून शेत नांगरू."

काही जण हसले. काहींनी मागे वळून माझ्याकडे डोळे वटारले. मी ट्रॅक्टरजवळ गेलो, तसा चेला सीटच्या आड उभा राहिला.

"बाजूला हो," मी म्हणालो. "सीटखालच्या बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडायचंय."

"अश्रद्ध हात लागला तर शक्ती निघून जाईल," बाबा म्हणाले.

"जाऊ दे. काय उरतं ते बघू."

चेला हलला नाही. मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. भाचीचा नवरा गर्दीतून आला, चेल्याच्या दंडाला धरून त्याने त्याला बाजूला केलं आणि झाकण उघडलं. तो आत वाकून पाहू लागला.

"या बॅटरीत पाणी कोण घालतं?" मी त्याला विचारलं.

"मीच. दर महिन्याला."

"झाकणं किती होती?"

त्याने एकदा आईकडे पाहिलं. "तीन," तो म्हणाला. "ही सहा झाकणांची आहे. ही आमची बॅटरी नाही."

बाबांच्या गाडीतली पेटी उघडायला मग गिरणीवालाच धावला. आत जुनी बॅटरी, तीन झाकणांची.

मी सगळ्यांना जवळ बोलावलं. "बॅटरीच्या प्रत्येक झाकणाखाली एक घर असतं. एकेका घरातून दोन व्होल्ट मिळतात. तीन घरं म्हणजे सहा व्होल्ट. हा ट्रॅक्टर सहावर चालायला बनवलाय. चादरीखाली याने बारा व्होल्टची बॅटरी बसवली. दुप्पट दाब मिळाल्यावर स्टार्टर गरागरा फिरणारच. दिवेही लखलखणारच, फक्त फार दिवस नाही. आणि या जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीची अधिक बाजू लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. आजच्या सवयीने याने उणे जोडली. स्टार्टरला त्याने फरक पडत नाही, तो त्याच दिशेने फिरतो. काटा मात्र उलटा जातो. माझ्या भाचीने ते पाहिलं. तुम्ही बाबांचे डोळे पाहत होतात."

"पण तिच्या हातून सुरू का नाही झाला?" शिंप्याने विचारलं.

मी पेटीमागे बोट दाखवलं. तीस वर्षांच्या ग्रीसमध्ये एक कोरी चकचकीत कळ बसवलेली होती. "ही फिरवली की बॅटरीची जोडणी तुटते. चेल्याने चादर नीट केली ना, तेव्हा." मी कळ परत फिरवली.

भाची खाली उतरली. सासूबाईंकडे गेली आणि म्हणाली, "तुम्ही बसा."

"मी? मला काय येतंय?"

"बटण दाबायचंय फक्त."

सासूबाई कशाबशा चढल्या. अंगठ्याने बटण दाबलं. इंजिन धडधडलं. त्या दचकल्या, आणि मग त्यांचं तोंड उतरलं. थोड्या वेळाने ठिणगी देणाऱ्या सहा व्होल्टच्या कॉइलमधून धूर यायला लागला, तसं मी इंजिन बंद केलं.

"दुष्ट शक्ती बाहेर पडतेय," बाबा तरीही म्हणाले.

"कॉइल जळतेय," भाची म्हणाली. कुणीच हसलं नाही. बाबांची गाडी निघाली तेव्हा दोघे जण त्यांच्या पाया पडलेच.

सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या. "ते गेल्यापासूनच बिघडला गं," त्या पुटपुटल्या. "ते पहाटे उठून हँडल मारायचे. बटण कधी दाबतच नव्हते." म्हणजे यंत्र कित्येक वर्षांपासून कण्हत होतं. म्हाताऱ्याच्या मनगटाने ते झाकून ठेवलं होतं, इतकंच. बॅटरीच्या केबलची टोकं हिरवी पडून कुजली होती, म्हणून स्टार्टरला पुरेशी वीज पोचत नव्हती.

नवऱ्याने बॅग उचलून आत न्यायला घेतली. "राहू दे," भाची म्हणाली. "मी मामाकडे जातेय. कुणी पाठवलं म्हणून नाही." आठ दिवस ती माझ्याकडे राहिली. नवव्या दिवशी नवरा ट्रॅक्टर ओढून माझ्या गॅरेजवर घेऊन आला आणि तिच्याशी बराच वेळ बोलला. काय ते मी ऐकलं नाही.

बारा व्होल्ट काही वाईट नाही. रीतसर केलं तर जुन्या ट्रॅक्टरला ते वरदानच. ते काम तिने स्वतःच्या हाताने केलं: नव्या जाड केबल, बारा व्होल्टची कॉइल, बल्ब बदलले, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, काट्याच्या तारा उलटवल्या. दोन दिवस लागले आणि चादर कुठेच लागली नाही.

तेवढंच सांगायचंय. कुणी तुमच्या घरच्या वस्तूवर चादर टाकली, तर ती उचला. आत काय आहे ते मोजा. आणि घरातलं कुणी अपशकुनी आहे असं परका माणूस सांगायला लागला, तर त्या घरच्या माणसाला आधी विचारा, तू काय पाहिलंस.